डॉक्टर होण्याआधी वाचता यायला हवे

अमेरिकेत आणि कॅनडाच्या बऱ्याच भागांत वैद्यकीय महाविद्यालयाची वाट 'एमकॅट' परीक्षेतून जाते. तिच्या चार विभागांपैकी तीन विज्ञान, मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचे आहेत. तथापि, अनेक हुशार विद्यार्थ्यांची दमछाक होते ती चौथ्या विभागात, जिथे विज्ञानाचा एकही प्रश्न नसतो. 'कार्स' या नावाने ओळखला जाणारा हा विभाग केवळ वाचनाचा आहे.

त्याचे स्वरूप साधे दिसते. तत्त्वज्ञान, कला, इतिहास, अर्थशास्त्र अशा विषयांवरील नऊ उतारे, प्रत्येक सुमारे ५०० ते ६०० शब्दांचा. ५३ प्रश्न आणि ९० मिनिटे. म्हणजे एका उताऱ्याला जेमतेम दहा मिनिटे. गुण ११८ ते १३२ या पट्टीवर दिले जातात आणि इतर तीन विभागांइतकेच वजन याला आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठ तर प्रवेशासाठी 'एमकॅट'मधील केवळ याच विभागाचे गुण विचारात घेते.

अडचण अशी की, येथे पाठांतर निरुपयोगी ठरते. उत्तरासाठी लागणारे सारे उताऱ्यातच असते. बाहेरचे ज्ञान उलट घात करते. व्यवहारात खरे असलेले, पण लेखकाने न म्हटलेले विधान हाच सर्वांत फसवा पर्याय असतो. त्याखालोखाल 'नेहमी', 'कधीच नाही' अशा टोकाच्या शब्दांचे पर्याय. सुमारे ४० टक्के प्रश्न तर लेखकाचा युक्तिवाद नव्या परिस्थितीला लावून पाहण्याचे असतात. परिच्छेद समजला, पण लेखकाची भूमिका हाती लागली नाही, तर हे प्रश्न सुटत नाहीत.

म्हणूनच तयारीचा मार्ग लांबचा आहे. परीक्षेच्या काही महिने आधीपासून रोज अपरिचित विषयावरील गंभीर लेख वाचावा, तो संपताच लेखकाचे म्हणणे एका वाक्यात मांडावे, घड्याळ लावून उतारे सोडवावेत आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागचे कारण शोधावे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे सराव साहित्य सर्वाधिक विश्वासार्ह. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. झटपट युक्त्या विकणाऱ्या शिकवण्यांना सवयीची जागा घेता येत नाही.

या आग्रहामागे तर्क आहे. रुग्ण आपली व्यथा क्रमवार सांगत नाही आणि शोधनिबंधाचा निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा असू शकतो. दोन्ही ठिकाणी सांगितलेले आणि सूचित केलेले यांतील फरक ओळखावा लागतो. अर्थात, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना ही कसोटी अधिक जड जाते, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. 'नीट'मध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. आकलनाला स्थान नाही. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय मात्र 'नीट'नंतर इंग्रजी भाषा, आकलन आणि तर्क यांची स्वतंत्र चाचणी घेते. ती अपवाद आहे.

असा विभाग 'नीट'मध्येही आणावा काय? इंग्रजीतून आणल्यास ग्रामीण विद्यार्थ्यांवर अन्याय होईल, हे उघड आहे. पण 'नीट' आज मराठीतूनही देता येते. मग आकलनाची कसोटी त्या-त्या भाषेतून घेण्यास तत्त्वतः अडचण नसावी. काठिण्यपातळी सर्व भाषांत समान राखणे अवघड आहे, हे मान्य. परंतु अकरावी-बारावीची दोन वर्षे भाषेचे पुस्तक केवळ उत्तीर्ण होण्यापुरते उघडणारा विद्यार्थी उद्या रुग्णाचे म्हणणे कसे वाचणार, या प्रश्नाला बगल देणे त्याहून महागात पडेल.