आधी हठप्रदीपिका उघडा

२१ जूनचा योगदिन जवळ आला की नागपूरचे चौक फलकांनी भरून जातात. हात जोडलेला पुढारी, शेजारी पद्मासनातली आकृती, खाली ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ आणि त्याखाली रोगांची यादी. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, सांधेदुखी, सगळं म्हणे मुळापासून जाणार. निम्मं आयुष्य मी या शहरातल्या सकाळच्या योगवर्गांत घालवलं आहे, म्हणून ठणकावून सांगतो. ही पाच हजार वर्षं थाप आहे, ही रोगमुक्ती फसवणूक आहे आणि हे फलक लावणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हठयोगाचा एकही ग्रंथ उघडलेला नाही.

मोहेंजोदडोच्या मुद्रेवर कोणीतरी मांडी घालून बसलंय, एवढंच आपल्याला दिसतं. ती लिपीही अजून कोणाला वाचता आलेली नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर तीनच सूत्रं आहेत आणि त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. हठयोगाची शारीरिक साधना ग्रंथांत उतरते ती त्याच्या कितीतरी शतकांनंतर, साधारण अकराव्या शतकापासून. महामुद्रा, महाबंध, महावेध या क्रिया पहिल्यांदा सविस्तर सांगणारा ग्रंथ म्हणजे ‘अमृतसिद्धी’. तो वज्रयानी बौद्धांच्या वर्तुळात रचला गेला. २०२१ मध्ये जेम्स मॅलिन्सन आणि पीटर-डॅनियल सांतो यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. म्हणजे ही गोष्ट आता कोणालाही पडताळून पाहता येते.

हे मी मुद्दाम नागपुरात सांगतो आहे. या शहरात दीक्षाभूमी आहे. १९५६ मध्ये जिथे लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्या शहरात योगाच्या नावाने असे कार्यक्रम होतात की इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतल्या माणसाला वाटावं, हे आपलं नाही, हा त्यांचा कार्यक्रम आहे. आणि मोमिनपुऱ्यातल्या मुसलमानाला तर बोलावणंच जात नाही. ज्या बौद्धांच्या परंपरेत या विद्येचा सर्वांत जुना ग्रंथ जन्मला, त्यांनाच तुम्ही दाराबाहेर ठेवता? तेराव्या शतकातलं ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ स्वच्छ सांगतं की ब्राह्मण असो, बौद्ध असो, जैन असो, कापालिक असो, अगदी चार्वाकही असो, जो अभ्यास करेल त्याला फळ मिळेल. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे सूफी मुहम्मद गौस यांनी ‘अमृतकुंड’ हा योगग्रंथ फारसीत आणला. ‘बहर अल-हयात’ या त्या फारसी ग्रंथाची सचित्र प्रत सलीमसाठी, म्हणजे पुढच्या जहांगीरसाठी, तयार झाली. आसनांची जुन्यांतली जुनी चित्रमालिका आपल्याला मिळते ती त्याच प्रतीत. हठयोगाला एका धर्माचा झेंडा बनवणारा माणूस हठयोगाचाच इतिहास पुसतो आहे. यावर माझा कसलाही समझोता नाही.

मराठी माणसाने तर दूर जायचीही गरज नाही. शके १२१२ मधली ज्ञानेश्वरी घ्या, सहावा अध्याय काढा. मूळबंध, जालंधर, वोढियाणा, कुंडलिनीचं जागणं, सगळं तिथे आपल्या बोलीत आहे, कारण गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी ही नाथांची विद्या ज्ञानदेवांपर्यंत आली होती. पारायणाला बसणारे हजारो आहेत. त्या अध्यायावर थांबून दोन दिवस विचार करणारे मला फार कमी भेटले.

आता ज्या ग्रंथाचं नाव सगळे घेतात, त्याकडे वळू. स्वात्मारामाची ‘हठप्रदीपिका’ पंधराव्या शतकातली. तिच्यात आसनं आहेत फक्त पंधरा. ती पहिल्याच उपदेशात आटोपतात, कारण आसन ही तयारी आहे. पुढे कुंभक, मग मुद्रा आणि बंध, शेवटी नादानुसंधान आणि समाधी. साधना बिघडवणाऱ्या सहा गोष्टींची यादी स्वात्माराम सुरुवातीलाच देतो. त्यांत अतिआहार आहे, अतिश्रम आहे, वायफळ बडबड आहे आणि माणसांचा गोतावळाही आहे. आता कुठलंही महाशिबिर डोळ्यांसमोर आणा. मैदानात हजारोंची दाटी, तासभर भाषणं, कर्ण्यातून आरडाओरडा, शेवटी तर्री-पोह्यांच्या रांगा. ग्रंथाने जे जे टाळायला सांगितलं, ते ते सगळं एकाच सकाळी उरकलं जातं आणि त्याला योगदिन म्हणतात.

माझा सर्वांत मोठा राग मात्र कपालभातीवर आहे. क्रियेवर नाही, ती विकणाऱ्यांवर. कपालभाती हा प्राणायाम नव्हे. ती षट्कर्मांतली एक शुद्धिक्रिया आहे. हठप्रदीपिका सांगते की ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त आहे त्याने आधी षट्कर्मं करावीत, इतरांनी करू नयेत. आणि आमच्याकडे काय चालतं? मंचावरून आकडे मोजले जातात आणि खाली हर्निया झालेले, रक्तदाब चढलेले, ऑपरेशनचे टाके नुकतेच निघालेले लोक पोटाला हिसके देत बसतात. शिकवणारा पन्नास फुटांवर असतो. त्याला कोणाचा चेहरा लाल झाला हे दिसतसुद्धा नाही. प्राण हळूहळू ताब्यात आणावा, सिंह-हत्ती-वाघाला वश करावं तसा, नाहीतर तो साधकाचाच जीव घेतो, हे स्वात्मारामाने लिहून ठेवलं आहे. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी आणि कानदुखी होते, हेही लिहिलं आहे.

एकशे आठ सूर्यनमस्कारांच्या स्पर्धा हा असाच दुसरा प्रकार. सूर्यनमस्कार उत्तम व्यायाम आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो शाळाशाळांत नेला, त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचं ऋणी राहावं. पण हठप्रदीपिकेत तो नाही. उलट तिचा टीकाकार ब्रह्मानंद ‘ज्योत्स्ना’ टीकेत, साधकाने टाळायच्या कायाक्लेशांत पुष्कळ सूर्यनमस्कारांचं नाव घेतो. मग परंपरेचं नाव घेऊन पोरांना नमस्कारांचे विक्रम करायला लावणाऱ्यांनी नेमकी कोणती परंपरा वाचली?

योगाचे फायदे मी नाकारत नाही. ते स्वतः अनुभवलेला माणूस आहे मी. पण फायदा मोजून सांगावा. जुनाट कंबरदुखीत योगाने हालचाल काहीशी सुधारते, असं २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात आलं. त्यात हेही आलं की इतर व्यायामापेक्षा तो फार वेगळा ठरत नाही आणि काहींची कंबर त्याने जास्तही दुखते. संथ श्वसनाने रक्तदाब थोडा उतरतो. शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून काचबिंदू असलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. असं मोजून बोलायची शिस्त महाराष्ट्रातच सुरू झाली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं, नौली ही पोटाची क्रिया करताना आत काय घडतं ते क्ष-किरण आणि दाबमापकांनी तपासलं आणि ‘योगमीमांसा’त छापलं. हा सगळा वारसा घरात असताना आज कोणीही उठतो आणि रुग्णाला गोळ्या बंद करायला सांगतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी एका शिबिरात हा सल्ला ऐकून रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या आणि अर्धांगवायूने अंथरूण धरलं. सल्ला देणारा पुढच्या गावी निघून गेला होता.

आणि हे सगळं नागपुरात व्हावं, याची मला विशेष चीड आहे. कारण या शहराला चांगला रस्ता दाखवणारा माणूस मिळाला होता. कोकणातून आलेले जनार्दनस्वामी इथे राहिले. १९५१ मध्ये योगाभ्यासी मंडळ उभं राहिलं. रामनगरात त्याचं घर आहे. स्वामी १९७८ मध्ये गेले, पण बागांत, देवळांत, समाजभवनांत सकाळी सतरंजी टाकून विनामूल्य शिकवणारे कार्यकर्ते त्यांच्यामागे राहिले. निवृत्त शिक्षक, कारकून, गृहिणी असे हे लोक. ते नाव विचारतात, वय विचारतात, कोणतं दुखणं आहे ते विचारतात आणि मग एखाद्याला सांगतात, तुम्ही हे आसन करू नका. ‘करू नका’ म्हणता येणं हीच योगशिक्षकाची पहिली लायकी आहे. पाच हजारांच्या मैदानात ते कोण कोणाला म्हणणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. महापालिकेने एका दिवसाच्या मंचावर, कमानींवर आणि टी-शर्टांवर होणारा खर्च थांबवावा. तोच पैसा इंदोरा, जरीपटका, टेका, मोमिनपुरा इथल्या मोकळ्या जागांवर खर्चावा. पहाटे दिवे लागोत, जमीन साफ असो, बायकांना निर्धास्त येता येईल असा पहारा असो. प्रत्येक वर्गात माणसं इतकीच घ्यावीत की शिकवणाऱ्याला प्रत्येकाचा श्वास दिसेल. कोणाकडूनही कसली घोषणा वदवून घेऊ नये. आणि जो कोणी रोग मुळापासून घालवण्याचा फलक लावेल, त्याच्यावर औषधांच्या फसव्या जाहिरातींना रोखणाऱ्या १९५४ च्या कायद्याखाली तक्रार करावी. कोणी करणार नसेल तर पहिली तक्रार मी करतो.