वाजवणाऱ्याच्या मनाची विचारपूस

मैफल रंगली नाही की जाणकार रसिक घरी जाता जाता म्हणतात, ‘आज बुवांचा मूड नव्हता.’ वरातीपुढे भर उन्हात तासन्‌तास क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसाविषयी असे उद्गार आम्ही आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. त्याचे मूल दवाखान्यात असो, वा सावकाराने सकाळीच दारात येऊन चारचौघांत त्याचा पाणउतारा केलेला असो. नवरदेव घोडीवर बसला की त्याने सूर लावलाच पाहिजे, आणि तोही आनंदाचा. वादकाच्या मनःस्थितीचा त्याच्या वादनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा बैठकीच्या कलावंतांपुरताच विचारला जातो. आमच्या मते हा प्रश्न जितका संगीताचा आहे, तितकाच समाजरचनेचाही आहे. मन प्रत्येक वादकाला असते. ते जमेस धरले जाण्याचा मान मात्र मोजक्यांच्याच वाट्याला आला.

परिणाम होतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यात गूढही काही नाही; तो शरीराच्या वाटेने येतो. भीती वाटली की छातीचे ठोके वाढतात, तळहात गार पडतात, तोंडाला कोरड पडते, श्वास आखूड होतो. बासरी किंवा क्लॅरिनेट वाजवणाऱ्याची सारी भिस्त श्वासावर. त्याचा लांबवलेला सूर मध्येच थरथरतो. हार्मोनियमवाल्याचा हात भात्याला हिसके देऊ लागतो. ढोलकीवाल्याची लय चढत जाते, आणि गंमत अशी की त्याला स्वतःला ती आहे तेवढीच वाटते. गाणाऱ्याचा दम तुटू लागला म्हणजे मग कळते. हलगी वाजवणारी मंडळी सुरुवात करण्यापूर्वी हलगी जाळावर शेकून घेतात, कारण दमट हवेत कातडे सैल पडते आणि नाद बसतो. कातड्याची एवढी काळजी घेतली जाते. वाजवणाऱ्याची कोण घेतो?

सोण कोळिविसाची कथा आपल्या वाचकांना नवी नाही. सुखवस्तू घरातील हा तरुण भिक्खू झाला, चालून चालून त्याच्या तळपायांतून रक्त वाहू लागले, आणि तरीही काही साधत नाही म्हणून घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले : तारा फार ताणल्या तर काय होते, फार सैल सोडल्या तर काय होते. या कथेतून आपण मध्यम मार्गाचा बोध घेतो, आणि तो योग्यच आहे. आम्हांला मात्र तिच्यातील एक साधी गोष्ट अधिक मोलाची वाटते. खचलेल्या शिष्यापुढे शिक्षकाने उपदेशाआधी प्रश्न ठेवला, आणि तोही शिष्याला ज्यात गती होती त्या वाद्याविषयी.

या विषयाची दोन ठळक उदाहरणे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जॅझ संगीतात सापडतात. (१९७२ साली दलित पँथरने आपले नाव ज्या समाजाच्या लढ्यावरून घेतले, त्याच समाजाचे हे संगीत.) चार्ली पार्कर हा असामान्य सॅक्सोफोनवादक. २९ जुलै १९४६ रोजी लॉस एंजेलिस येथे त्याचे ध्वनिमुद्रण ठेवले होते. व्यसनाने आणि मानसिक यातनांनी तो इतका ग्रासलेला होता की त्याला धड उभेही राहवत नव्हते. त्या दिवशी मुद्रित झालेल्या ‘लव्हर मॅन’ या गीताच्या सुरुवातीला पियानो वाजत राहतो आणि पार्करचा सूर उशिराने येतो; पुढेही तो अडखळत, तुटत चालतो. त्याच रात्री हॉटेलात अनर्थ घडला, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि पुढील सुमारे सहा महिने त्याने मनोरुग्णालयात काढले. कंपनीने ते मुद्रण बाजारात आणले. पार्करला त्याचा अतिशय संताप आला. तरीही हीच त्याची सर्वांत हृदयस्पर्शी कृती होय, असे मानणारे श्रोते तेव्हाही होते आणि आजही आहेत.

आम्ही त्या श्रोत्यांच्या बाजूचे नाही. १९५१ साली पार्करने तेच गीत पुन्हा वाजवले. त्यात करुणा आहेच, पण ती त्याच्या स्वाधीन आहे. माणूस कोसळत असताना निघालेल्या आवाजाला कलेचा कळस म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या वेदनेवर आपली रसिकता पोसणे होय. शोषितांच्या दुःखाचे असे कौतुक आपणही पुष्कळ पाहिले आहे.

दुसरे उदाहरण जॉन कोल्ट्रेनचे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी, रविवारी, अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बाँबस्फोट घडवला आणि चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. कोल्ट्रेनने ‘अलाबामा’ ही रचना ध्वनिमुद्रित केली ती १८ नोव्हेंबर रोजी, म्हणजे दोन महिन्यांनी. तिच्यात एकही शब्द नाही. पियानोच्या खर्जातील गंभीर घरघरीवर सॅक्सोफोन संथपणे बोलू लागतो, थांबतो, पुन्हा बोलतो. ऐकणाऱ्याला भाषांतराची गरज पडत नाही. कोल्ट्रेनचा रियाज त्याच्या सहकाऱ्यांतही चर्चेचा विषय होता. तो तासन्‌तास वाजवत बसे. शोक दोघांच्याही वादनात आहे. पार्करच्या हातातून त्या दिवशी वाद्य निसटले होते, आणि कोल्ट्रेनच्या शोकाला वर्षानुवर्षांच्या मेहनतीने घडवलेले घर मिळाले.

म्हणून ‘मन बाहेर ठेवून मंचावर या’ असे विद्यार्थ्यांना बजावणाऱ्यांशी आम्ही अर्धेच सहमत आहोत. रियाज हवा, यात दुमत नाही. पण रियाज मन दडपण्यासाठी नसतो. त्याला आवाज सापडावा म्हणून असतो.

आता मूड बाळगण्याच्या हक्काविषयी. किशोरी आमोणकर यांच्या लहरीपणाच्या कथा मराठी रसिक चवीने सांगतात. त्या कथांची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. आई मोगूबाई कुर्डीकर यांच्याबरोबर दौऱ्यांवर जाताना त्यांना मिळणारी हलकी वागणूक किशोरीताईंनी लहानपणीच पाहिली होती आणि आपल्या बाबतीत असे होऊ द्यायचे नाही हे ठरवले होते. मुलाखतींतून त्यांनी ते स्वतः सांगितले आहे. ज्याला लोक मूड म्हणत, त्यात अपमानाची आठवण किती आणि कलेची निष्ठा किती, याचा हिशेब रसिकांनी कधी मांडला?

आपल्या माणसांचा इतिहास याहून कठोर आहे. बलुत्यातील वाजवणे हा कामाचा भाग होता. सण गावाचा आणि हात आमचे. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत आपल्या वडीलधाऱ्यांनी पालखीपुढे वाजवणे सोडले, आणि त्याची किंमतही मोजली. इतिहासाचा अभ्यासक या नात्याने आम्हांला ते वादकाच्या मनाने दिलेले सर्वांत स्पष्ट उत्तर वाटते. ती कला मात्र मेली नाही. जलशांत आणि भीमगीतांत तोच हात, तोच ठेका नव्या मनाने वाजू लागला. फरक ऐकायचा असेल तर १४ एप्रिलच्या रात्री कोणत्याही वस्तीत जाऊन ऐकावा.

हे सर्व शाळेच्या स्मरणिकेत लिहिण्याचे कारण आहे. निवासी शाळांतील कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातात. सुट्टी संपवून ही मुले वसतिगृहात परततात तेव्हा पुढचे काही दिवस त्यांची ढोलकी जागेवर नसते. कोणी ठेका पळवतो, कोणी नुसताच बसून राहतो. ‘लक्ष कुठे आहे?’ असे दरडावणे सोपे असते. लक्ष कुठे आहे ते आपल्याला ठाऊकही असते. अशा वेळी संगीतशिक्षकाने पहिली दहा मिनिटे वाद्य बाजूला ठेवून घरची खुशाली विचारावी आणि मग नेहमीच्या निम्म्या लयीत साधा ठेका धरायला लावावा, असे आम्हांला वाटते. संथ लयीत श्वास आपोआप लांबतो.

बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आपल्यासारख्या शाळांत परीक्षा जवळ आली की संगीताचा एकुलता एक तास गणिताला दिला जातो. पालकांची काळजी आम्ही जाणतो. गुण नाहीत तर पुढची दारे बंद होतात, हे आम्हीही अनुभवले आहे. तरीही नेमक्या त्याच महिन्यात मुलांची मने सर्वाधिक ताणलेली असतात, आणि तो तास तेव्हाच काढून घेतला जातो.

जे माजी विद्यार्थी आज बँडपथकांत, ऑर्केस्ट्रात किंवा भीमगीतांच्या पार्ट्यांत वाजवतात, त्यांनी महिन्यातून एका रविवारी वसतिगृहात यावे, मुलांबरोबर बसावे आणि मन ठिकाणावर नसताना आपण कसे वाजवतो ते त्यांना सांगावे. दरवर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत वक्त्यांची आणि गायकांची नावे असतात. ढोलकी, हार्मोनियम आणि झांज वाजवणाऱ्या मुलांच्या जागी नुसते ‘साथसंगत’ एवढेच छापले जाते. या वर्षी तेथे त्यांची नावे छापावीत, अशी विनंती आम्ही समितीकडे केली आहे.