किल्ली कोणाच्या हाती?

शिक्षणाचा प्रश्न यंत्राने सुटेल, ही आपल्याकडची जुनी आशा आहे. दर दहा-पंधरा वर्षांनी एखादे नवे यंत्र येते, फीत कापली जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते आणि आता खेड्यातले मूल शहरातल्या मुलाच्या बरोबरीला येणार, अशी भाषणे होतात. सध्या पाळी कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. यंत्रांना नावे ठेवावीत, असा माझा हेतू नाही. माहिती तंत्रज्ञानाने शिक्षणाला बरेच काही दिले आहे. पण ते केव्हा देते आणि केव्हा नुसतेच धूळ खात पडते, याचा हिशेब गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवावरून मांडता येतो. तो पालकांनी एकदा मांडून पाहावा, असे मला वाटते.

पहिला मोठा प्रयोग उपग्रहाचा. अमेरिकेच्या 'नासा'कडून उसना घेतलेला उपग्रह वापरून ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असे वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले गेले. मुलांसाठी पाठ होते, शेतकऱ्यांसाठी माहिती होती आणि, ज्याची आठवण फारशी काढली जात नाही, हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षणही होते. वर्ष संपले, उपग्रह ज्याचा त्याच्याकडे परत गेला. पण शिक्षकाला शहाणे करण्याची कल्पना मात्र मोलाची होती.

पुढच्या खेपेला नेमकी तीच बाजू लंगडी राहिली. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी ब्रिटनमधले 'बीबीसी मायक्रो' संगणक आणले. यंत्र परके आणि शिक्षकांचे प्रशिक्षण अवघ्या काही आठवड्यांचे. अशा तयारीवर वर्गात फार काही उगवेल, ही अपेक्षाच चुकीची होती. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. शाळांना संगणक देण्याच्या योजनाही त्यानंतर वाढत गेल्या.

या योजनांतून आलेले संगणक मी अनेक शाळांत पाहिले आहेत. खोलीला फरशी चकचकीत, दाराबाहेर चपला काढण्याची सूचना, यंत्रांवर प्लॅस्टिकची आवरणे आणि दाराला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. 'काही बिघडले तर भरून कोण देणार?' हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळाला. यात त्या मुख्याध्यापकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. संगणकाची नोंद जडवस्तू संग्रहाच्या वहीत होते आणि जबाबदारी त्यांच्यावर येते. मुलाने त्या संगणकावर काय केले, याची नोंद ठेवायला मात्र कोणतीच वही नसते.

महाराष्ट्रात प्रशिक्षणाची लाट आली ती २००१ नंतर, 'एमएससीआयटी'मुळे. तालुक्याच्या गावात बसून लाखो लोकांनी, त्यांत असंख्य मुलींनी आणि गृहिणींनी, पहिल्यांदा माऊस हातात धरला. हे काम लहान नव्हे. पण सरकारी नोकरीत ही परीक्षा सक्तीची झाली आणि वेतनवाढ अडू नये म्हणून ती देणाऱ्यांत शिक्षकही होते. पत्र टंकित करणे, तक्ता तयार करणे त्यांना आले. अपूर्णांक न समजणाऱ्या पाचवीच्या मुलीला तोच संगणक कसा उपयोगी पडेल, हे त्या अभ्यासक्रमाचे काम नव्हते, आणि ते दुसऱ्या कोणी नेटाने शिकवलेही नाही.

याउलट केरळचे उदाहरण पाहा. तिथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. शाळांतल्याच शिक्षकांतून प्रशिक्षक निवडले गेले आणि त्यांनी इतर शिक्षकांना तयार केले. पुढे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारल्यामुळे मल्याळममध्ये, आपल्या अभ्यासक्रमाला जुळेल असे साहित्य करता आले. जून २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्याच्या शैक्षणिक वाहिनीवर पाठ सुरू झाले, ते याच तयारीच्या बळावर. तिथेही सगळ्याच मुलांच्या घरी टीव्ही नव्हता. त्यांच्यासाठी वाचनालयांत आणि अंगणवाड्यांत पाठ पाहण्याची सोय करावी लागली.

आपल्याकडेही असे घडले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते हे ओळखून पुस्तके कन्नडमध्ये नेली. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन कोणीही छापू शकतो. मुलाला कोणती भाषा कळते हे शिक्षकाने आधी पाहिले, म्हणून तो चौकोन कामाला आला.

टाळेबंदीने हीच गोष्ट घरोघरी दाखवून दिली. 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. मात्र त्यांतल्याही सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येत नव्हता. फोन एक, तो घेऊन बाप कामावर, आणि घरात शिकणारी तीन मुले! २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के मुलांनी. म्हणजे यंत्र घरात पोहोचले. ते कशासाठी उघडायचे, हे सांगणारे माणूस शेजारी पोहोचायचे आहे.

ते माणूस तयार करायला पैसा लागतो, आणि त्याहून अधिक वेळ लागतो. सर्वेक्षणे, याद्या आणि अहवाल यांत बुडालेल्या गुरुजींकडून आणि बाईंकडून नवे काही शिकण्याची अपेक्षा करणे म्हणजे पाण्यात बुडणाऱ्याला पोहण्याच्या शर्यतीत उतरवण्यासारखे आहे. यंत्रखरेदीच्या प्रत्येक योजनेत शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आणि दुरुस्तीचा वाटा आधी ठरवावा, मगच निविदा काढाव्यात. आणि फुटकी-तुटकी यंत्रे ही वापराची खूण समजावी, गुन्हा समजू नये.

पालकही यात हतबल नाहीत. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेत किती संगणक आहेत, हे पुढच्या सभेत विचारू नका. गेल्या आठवड्यात आमच्या मुलीने त्यावर काय केले, ते करताना तिच्या शेजारी कोण होते आणि खोलीची किल्ली कोणाकडे असते, एवढे तीनच प्रश्न विचारा. उत्तरे द्यायची म्हटली, तरी निदान ते कुलूप उघडावे लागेल.