आधी पडायला शिकावे

कामोठ्यातील एका व्यापारी कुटुंबातील तेरा वर्षांची मुलगी ज्युदोच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून आली आहे, अशी कल्पना करावी. सकाळी दुकानाकडे निघताना वडील विचारतात, "वर्षभर फी भरली, गाडीने ने-आण केली, आणि एका मिनिटात हरलीस?" मुलगी गप्प राहते. पुढच्या आठवड्यात सरावाच्या वेळी तिचे पोट दुखू लागते. घरच्यांना तो आळस वाटतो. वास्तविक ती हरण्याला भीत नसते. हरून घरी परतण्याला भिऊ लागलेली असते.

ज्युदो मनाची परीक्षा फार लवकर घेतो. मोठ्यांची लढत चार मिनिटांची असते. परंतु प्रतिस्पर्ध्याला जोराने व वेगाने पूर्ण पाठीवर टाकले की 'इप्पॉन' मिळतो आणि लढत तेथेच संपते. नुसता बचाव करीत राहणाऱ्यास दंड होतो; तीन दंडांनंतर तो बाद ठरतो. भीती लपवण्यास येथे जागाच नाही. धास्ती वाढली की श्वास उथळ होतो, खांदे आखडतात, आणि ताठरलेले शरीर पाडणे प्रतिस्पर्ध्यास सोपे जाते. उलट, मन अगदीच सैल असले तर हालचाल मंदावते. म्हणून जाणते प्रशिक्षक लढतीपूर्वीचा ठरावीक क्रम, दीर्घ श्वसन आणि डाव मनात पाहण्याचा सराव करून घेतात. निकालाऐवजी पहिल्या पकडीवर लक्ष ठेवण्यास ते शिकवतात.

दुसरा ताण वजनगटाचा. किलो-दोन किलो उतरवण्यासाठी काही खेळाडू जेवण आणि पाणी तोडतात. ज्या घरांत उपवासाची परंपरा आहे, तेथे हा संयम वाटण्याचा संभव आहे. परंतु उपवास स्वेच्छेने आणि शांत चित्ताने होतो. हा उपास वजनकाट्याच्या भयाने होतो. त्यातून चिडचिड, अपुरी झोप आणि ढळलेली एकाग्रता पदरी पडते. वाढत्या वयातील मुलांनी त्यापेक्षा वरच्या वजनगटात खेळणे हिताचे.

पराभवाचे दुःख श्रेष्ठ खेळाडूंनाही चुकलेले नाही. जपानची उता आबे आणि तिचा भाऊ हिफुमी यांनी २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली. २०२४ मध्ये पॅरिसला मात्र उता दुसऱ्याच फेरीत उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवाकडून हरली आणि सभागृहात हुंदके देऊन रडली. प्रेक्षकांनी तिच्या नावाचा घोष करून तिला धीर दिला. त्याच दिवशी भावाने पुन्हा सुवर्ण मिळवले. उता थांबली नाही. २०२५ मध्ये बुडापेस्टला ती पुन्हा जगज्जेती झाली.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका मंदिरात ज्युदोचे शिक्षण सुरू केले. शक्तीचा सर्वोत्तम विनियोग आणि परस्परांचे कल्याण ही त्यांची दोन तत्त्वे. हा खेळ पुढे आपल्याकडेही रुजला. १९८६ च्या सेऊल आशियाई स्पर्धेत मुंबईचे कावस बिलिमोरिया यांनी त्यात कांस्यपदक मिळवले. ज्युदोच्या वर्गात नवख्याला प्रथम दुसऱ्याला पाडण्यास शिकवत नाहीत. 'उकेमी', म्हणजे इजा न होता पडण्याची रीत, शिकवतात. ज्याची पडण्याची भीती गेली, तोच निर्धास्तपणे डाव टाकू शकतो.

शरीराला पडणे वर्गात शिकवले जाते; मनाला ते घरीच शिकावे लागते. व्यापारी कुटुंबास हे अवघड नसावे. एका हंगामात तोटा आला म्हणून कोणी पेढी बंद करीत नाही. माल, भाव आणि वेळ यांत काय चुकले ते पाहून पुढील खरेदी ठरवतो. मुलांच्या पराभवाचा हिशेबही असाच थंड डोक्याने व्हावा, आणि तोही मुलाने पोटभर जेवून झोप घेतल्यानंतर. भरलेल्या फीची आठवण त्यात नसावी. झोप उडणे, भूक मंदावणे किंवा सराव टाळणे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

कामोठ्यातील त्या वडिलांनी संध्याकाळी दुकानातून परतल्यावर मुलीजवळ बसून इतकेच विचारावे, "बेटा, लागलं तर नाही ना? उद्या सरावाला सोडायला येऊ?" पोटदुखीवर बहुधा दुसऱ्या औषधाची गरज पडणार नाही.