हरणाऱ्याच्या बाजूचे लेखक

बुद्धिबळाचा जगज्जेता आहे, पण समोर पट मांडलेला नसेल तर त्याला एक डावही खेळता येत नाही. स्टीफन झ्वाइगच्या ‘चेस स्टोरी’ या लघुकादंबरीतला मिर्को झेंटोविच असा आहे. तो सगळ्यांना हरवतो, पण डोळे मिटून चौसष्ट घरं मनात उभी करणं काही त्याला जमत नाही. त्याच्यासमोर झ्वाइग बसवतो डॉ. बी.ला. या गृहस्थाकडे कल्पनाशक्तीखेरीज दुसरं काही उरलेलंच नाही.

डॉ. बी. हा व्हिएन्नाचा वकील. गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला मेट्रोपोल हॉटेलातल्या एका खोलीत डांबलेलं असतं. मारहाण नाही, छळ नाही. फक्त पुस्तक नाही, कागद नाही, बोलायला माणूस नाही. चौकशीला नेलं असताना तो कुणाच्या तरी कोटाच्या खिशातून एक पुस्तक लांबवतो. निघतात काय, तर नामवंतांचे दीडशे डाव! ते पाठ झाल्यावर तो स्वतःशीच खेळू लागतो, पांढरीही त्याची आणि काळीही त्याचीच. पांढऱ्याला काळ्याच्या मनातलं कळू नये म्हणून डोकं दुभंगावं लागतं, आणि ते दुभंगतंच. पुढे न्यूयॉर्कहून ब्युनोस आयर्सला निघालेल्या बोटीवर तो झेंटोविचशी दोन डाव खेळतो. पहिला जिंकतो. दुसऱ्यात झेंटोविच मुद्दाम वेळ काढत बसतो, तेवढ्यात डॉ. बी.च्या डोक्यात भलताच डाव रंगतो आणि पटावर नसलेला शह तो मोठ्यानं जाहीर करतो.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे पटाशेजारी उभं राहून चाल सुचवणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. झ्वाइगचा नायक गोष्टीत शिरतो तो नेमका असाच, दुसऱ्याच्या डावात तोंड घालून.

झ्वाइगनं हे ब्राझीलमध्ये, परागंदा अवस्थेत लिहिलं आणि फेब्रुवारी 1942 मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. हे ठाऊक असलं की झेंटोविच कोण आणि डॉ. बी. कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही. तरीही मला या गोष्टीत लेखकाचा हात जरा जास्तच दिसतो. जिंकणारा दगडासारखा, हरणारा संवेदनशील. नाबोकोव्हच्या ‘द डिफेन्स’मधला लुझिनही त्याच जातकुळीचा. त्याला सगळं जगच एक डाव वाटू लागतं आणि शेवटी तो खिडकीतून उडी टाकतो. (एकाग्रता वाढावी म्हणून मुलांना बुद्धिबळाच्या क्लासला घालणाऱ्या पालकांनी ही दोन्ही पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावीत.) कल्पनेवर जगणारा माणूस म्हणजे लेखक, आणि लेखकाला हरणाऱ्यात स्वतःचा चेहरा दिसतो. पटावर जे गेलं, ते तो कागदावर वसूल करतो.

ही वसुली सर्वांत देखण्या रीतीनं कुणी केली असेल, तर ती यासुनारी कावाबातानं.

‘द मास्टर ऑफ गो’ ही त्याची कादंबरी खऱ्या सामन्यावर उभी आहे. गो म्हणजे उभ्या-आडव्या एकोणीस-एकोणीस रेघांच्या पटावर काळे-पांढरे खडे ठेवत जागा वेढण्याचा खेळ. 26 जून 1938 ला टोकियोत डाव सुरू झाला आणि 4 डिसेंबरला इतो या गावी संपला. एकच डाव! प्रत्येकाला विचारासाठी चाळीस तास, आणि मध्ये उस्तादांच्या हृदयविकारामुळे जवळजवळ तीन महिने खंड. पांढऱ्या खड्यांनी खेळणारे हे उस्ताद म्हणजे 64 वर्षांचे होनिंबो शुसाई. होनिंबो हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गो घराण्याचा किताब, आणि शुसाई त्या गादीवरचे शेवटचे. काळे खडे होते 29 वर्षांच्या किटानी मिनोरूकडे. डाव भरवणाऱ्या वर्तमानपत्रासाठी कावाबाता वार्तांकन करत होता. कादंबरी त्यानं पन्नाशीच्या दशकात, जपान युद्ध हरल्यावर पुरी केली. तीत शुसाई स्वतःच्या नावानिशी येतात, किटानीचा मात्र ओताके होतो.

सगळी कादंबरी काळ्याच्या 121व्या चालीभोवती फिरते. त्या दिवशीचा खेळ थांबवताना शेवटची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, असा नियम होता. पूर्वी वडीलधारा खेळाडू वाटेल तेव्हा खेळ थांबवू शकत असे, मग घरी जाऊन निवांत विचार करायचा. तो फायदा कुणाला मिळू नये म्हणून हे पाकीट. पुन्हा बसल्यावर ते फोडलं, तर ओताकेची चाल ऐन लढाईपासून दूर, भलतीकडेच! तिला उत्तर देणं भागच, म्हणजे लढाईवर विचार करायला ओताकेला मधले दिवस फुकट मिळाले. उस्तादांना वाटतं, दोघांनी मिळून रंगवत आणलेल्या चित्रावर कुणी शाईचा फराटा ओढला. ते कमालीचे चिडतात, पुढे 130व्या चालीला चुकतात आणि पाच गुणांनी हरतात. जानेवारी 1940 मध्ये ते वारले.

वाचताना आपण पुरते उस्तादांच्या बाजूला जातो. जुनी कला गेली आणि नियमावलीचं युग आलं, अशी हुरहुर लागते. कावाबाताला ओताकेबद्दल आकस नाही, त्याची पोटदुखी आणि घालमेल तो फार मायेनं लिहितो. पण कल्पना म्हाताऱ्याकडे आणि कायदा तरुणाकडे, ही वाटणी तो मोडत नाही.

ती वाटणी खरी नव्हती. 1933 च्या सुमारास गोची सुरुवात कशी करायची याचे शतकानुशतकांचे आडाखे ज्या दोघांनी मोडले, त्यांतला एक किटानी होता, दुसरा गो सेइगेन. कोपरे सोडून पटाच्या मधल्या मोकळ्या रानावर डोळा ठेवणारी ती ‘नवी मांडणी’ म्हणजे त्या काळातली कल्पनेची मोठी झेप होती. ती घेणाऱ्याला कावाबातानं नियमांचं प्रतीक केलं. कादंबरी म्हणून फर्मास, पण किटानीवर अन्याय. वेळेची मर्यादा आणि पाकीटबंद चाली यांनी कल्पना मरते, हे मला पटत नाही. समोर खराखुरा माणूस आहे, त्याच्या मनात काय शिजतंय हे ओळखायचं आहे, आणि तेही घड्याळ चालू असताना, म्हणून तर ती चालते. डॉ. बी.ला वेड लागलं ते स्पर्धेमुळे नव्हे, समोर कुणी नव्हतं म्हणून.

खेळाडूच्या कल्पनेला अजिबात सूट न देणारा लेखक मला एकच माहीत आहे, तो म्हणजे प्रेमचंद. त्यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तले मिर्झा आणि मीर हे अवधचे जहागीरदार. इकडे कंपनी सरकार नवाबाला कैद करून नेतं, तिकडे हे दोघे गोमतीपलीकडच्या पडक्या मशिदीत पट मांडून बसलेले. राज्य बुडालं तरी डोळ्यांत टिपूस नाही, आणि लाकडी सोंगट्यांवरून मात्र तलवारी उपसून एकमेकांचा जीव घेतात. सत्यजित राय यांनी 1977 च्या चित्रपटात दोघांना जिवंत ठेवलं. प्रेमचंदांनी नाही. मला प्रेमचंदांचाच शेवट पटतो. हरणाऱ्याच्या गळ्यात गळा घालायला त्यांनी साफ नकार दिला आहे.

तेव्हा वाचायचंच तर आधी ही गोष्ट वाचा, एका बैठकीत होते. मग झ्वाइग. कावाबाता शेवटी आणि सावकाश. मात्र तो मिटल्यावर किटानीचं पुढे काय झालं हेही माहीत असू द्या, कारण ते कादंबरीत नाही. शुसाईंनी आपला वंशपरंपरेचा किताब जपानच्या गो संस्थेच्या हवाली केला आणि होनिंबो पद स्पर्धेतून मिळू लागलं. किटानीला ते कधीच मिळालं नाही. त्यानं घरात पोरं ठेवून घेतली आणि त्यांना शिकवलं. त्यांतल्या इशिदा योशिओनं 1971 मध्ये होनिंबो पद जिंकलं, तेव्हा तो 22 वर्षांचा होता.