विश्लेषण : मिनिटाला २० पानांचा लेझर प्रिंटर प्रत्यक्षात संथ का?

भूम : दाखल्यांच्या हंगामात सेवा केंद्रांवर रांग वाढली की पहिला राग प्रिंटरवर निघतो. खोक्यावर ‘मिनिटाला २० पाने’ लिहिलेले असते. हाती मात्र निम्मीही येत नाहीत. मग कंपनी खोटे बोलते का?

आकडा कशाचा?
हा वेग साधारणपणे ‘आयएसओ २४७३४’ या मानकानुसार मोजतात. त्यात चाचणीची पाने सलग, एका बाजूने छापली जातात आणि पहिल्या संचाला लागणारा वेळ धरला जात नाही.

वेळ कुठे जातो?
टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा फ्यूझर साधारण २०० अंशांपर्यंत तापावा लागतो. प्रिंटर ‘स्लीप’मध्ये गेला की फ्यूझर थंडावतो आणि तो पुन्हा तापवावा लागतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला ही कामे एकेका पानाची. पहिले पान यायला ८ सेकंद लागतात असे धरले, तर सुट्या कामांत मिनिटाला जेमतेम ७ पाने निघतात. स्कॅन केलेली जड पीडीएफ, जाड कागद, पाठपोट छपाई यांनी वेग आणखी घटतो.

काय करावे?
शक्य तिथे अनेक पाने एकाच आदेशात छापावीत. गर्दीच्या वेळी ‘स्लीप’ची मुदत वाढवावी. साध्या कागदावर ‘जाड कागद’ ही सेटिंग राहिलेली नाही ना, हे पाहावे. नवा प्रिंटर घेताना ‘पहिल्या पानाचा वेळ’ आधी विचारावा. सुट्या कामांत रांग त्यावरच सरकते.