पाटी आणि साहेब

माझ्या पहिल्या नोकरीच्या कचेरीत दारासमोरच एक पाटी होती: 'सचोटी हेच आमचे भांडवल.' पाटी सुबक होती. रोज पुसलीही जाई. पण बिल थकलेल्या एखाद्या व्यापाऱ्याचा टेलिफोन आला, की साहेब शिपायाला म्हणत, "सांग, साहेब बाहेर गेलेत!" सहा महिन्यांत आम्ही सारे कारकून त्या विद्येत पारंगत झालो. पाटी कुणी वाचली नाही. साहेबांना मात्र सर्वांनी वाचले.

याच्या अगदी उलट गोष्ट किर्लोस्करवाडीची. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना मांडला. जागा दिली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. माळावर राज्य निवडुंगाचे आणि नागांचे! तिथे नांगर घडवायचे आणि वस्तीही वसवायची.

वस्ती आली की रात्रीची राखण आली. या कामावर लक्ष्मणरावांनी कुणाला नेमावे? तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना! 'माणसावर विश्वास ठेवा' असे व्याख्यान कुणीही झोडील. पण लक्ष्मणरावांच्या घरची मंडळीही त्याच वाडीत, त्याच पहाऱ्यात झोपत होती. धोका त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात बांधला नाही. आधी आपल्या उंबऱ्याशी आणला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही त्यांचाच दंडक. आणि तोही गावोगावचे पाणवठे वेगळे असण्याच्या काळात. मालकच असा वागू लागला, म्हणजे कारखान्याची रीत काय, हे नव्या माणसाला पाटीवर वाचावे लागत नाही.

हे सारे मी मोठ्या तोऱ्यात लिहिणार होतो. पण परवा, ऐन महिनाअखेरीस, वर्तमानपत्रवाला बिल घेऊन आला. मी आतच होतो. आमच्या धाकटीने दार उघडले आणि आपणहून सांगून टाकले, "बाबा घरी नाहीत."

मी तिला तसे सांगितले नव्हते. म्हणजे, त्या दिवशी सांगितले नव्हते.

मुकाट्याने बाहेर गेलो, बिल चुकते केले. तो गेल्यावर धाकटी माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटले, तिचेच काहीतरी चुकले!

वाचकहो, प्रत्येक घरात एक साहेब असतोच. या दिवाळीत त्यालाही शुभेच्छा; त्याला त्यांची फार गरज आहे.